मामांची दहा मिनिटं

मामा पिशवीला कान लावून बसले की शेडमधले पंखे बंद व्हायचे. घामाच्या धारा लागल्या तरी कोणाची बोलायची टाप नव्हती. मामा महाडकडच्या तुडील गावचे, बिरवाडीतल्या आमच्या फायबरच्या कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. साच्यावर काचेचं कापड अंथरायचं, वर प्लास्टिकची पिशवी, कडेने चिकटपट्टी, आणि पंपाने आतली हवा ओढून घेऊन मग रेझिन, म्हणजे कापडात मुरून कडक होणारा चिकट रस, सोडायचं, असं आमचं काम. हवा कुठून केसाएवढी शिरत असली तरी मामांना ती ऐकू यायची.

"पंप चालू असताना काटा चांगलाच दिसतो रे," ते म्हणायचे. "नळी बंद कर, दहा मिन्टं थांब. मग बघ." ती दहा मिनिटं ते हात मागे बांधून उभे राहायचे. पिशवीला कोणी बोट लावलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. पिशवीतली पोकळी दाखवणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे हवा कुठून शिरत नाही, तरच रेझिन.

तो काटा मामांना दिसतच नव्हता, हे फक्त मला ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मालकांना कळलं तर घरी बसवतील, म्हणून ऑपरेशनची सुट्टीही मागत नव्हते. "ऐकनार मी, वाचनार तू," असं आमचं ठरलेलं.

मागच्या उन्हाळ्यात तुडीलच्या होडीचं काम आलं. पुरात कामी यावी म्हणून गावानेच सांगितलेली. मामांनी पट्टी दोनदा चेपली, नळी बंद केली. मला साडेपाचची पोलादपूरची एसटी गाठायची होती. सहाव्या मिनिटाला काटा रेघभर खाली आल्यासारखा वाटला. वाटला कसला, आलाच होता.

"झाली दहा, मामा. हलला नाय."

त्यांनी मान तिरकी केली. "कायतरी वाजतंय रे."

"बाजूच्या शेडचा पंखा असेल."

"बरं," म्हणाले आणि रेझिन सोडलं.

अर्ध्यावर लाईट गेली. पंप थांबला. मामांनी चाचपडत नळी बंद केली. पिशवी धड असती तर पंपाशिवायही तिने दम धरला असता.

"किती हाय?" मामांनी विचारलं. या वेळी मी खरं वाचलं. काटा उतरत होता, रेझिनमध्ये बुडबुडे धावत होते. सोडलेलं रेझिन मागे घेता येत नाही. मग कोणाला बोट लावू न देणारे मामा दोन्ही तळवे टेकून होडीवर ओणवे झाले आणि अंगातला होता नव्हता तो जोर लावू लागले. मीही शेजारी हात टेकले. चार हातांनी काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी होडी भंगारात गेली. मालकांनी मामांना मीटरसमोर उभं केलं. "वाचा." मामा नुसते बघत राहिले. मी मागेच उभा होतो. माझं तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

"पट्टी मीच लावलेली," मामा म्हणाले.

मालकांनी त्यांना घरी बसवलं. सोडायला मी स्टॉपवर गेलो तो सगळं सांगायचं ठरवूनच. पण मामांनीच आधी विचारलं, "त्या दिवशी तुझी गाडी चुकली ना रे?"

"हो," म्हणून मी एसटी येते का ते बघायला वळलो.

एसटी आली. पाटी वाचून मी म्हटलं, "महाडची आहे, मामा. चढा."

पायरीवर पाय ठेवून त्यांनी कंडक्टरला विचारलं, "महाडलाच जाते ना?"