माय मला 'तुमी' म्हणायची

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. गुरांच्या दवाखान्यात आयुष्य काढलेला माणूस मी... रोग दिसला की औषध, एवढंच कळतं. पण हे मात्र मला कुठल्याच खान्यात बसवता आलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं गाव डोणगाव. नोकरी मोताळ्याला, नवीनच. एकदा रोहिणखेडला एका घरी आजारी म्हैस पाहायला गेलो. काम आटोपून हात धूत होतो, तोच ओसरीतल्या बाजेवर एक म्हातारी उठून बसली आणि माझ्याकडे पाहून रडू लागली.

"नामदेवा! आला काय रे बापू?"

तिच्या मुलीनं मला बाजूला घेतलं. "माहा भाऊ लहानपनीच घर सोडून गेला. मायचं आता काई खरं नाई. एक डाव 'हो' म्हना न भाऊ... तिले तेवढंच बरं वाटीन."

मला अवघड वाटलं. पण म्हातारीनं हात पुढे केला होता. मी तो धरला. "हाव माय, मीच. आलो."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला — कपाळ, नाक, हनुवटी, अगदी सावकाश... आणि शांत झोपली. खरं सांगतो, पुण्य केल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात डोणगावला गेलो. माय दारात तूर पाखडत होती. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

"कोन पायजे बाप्पा तुमाले?"

मी हसलो. "माय, शंकर हाय न मी!"

"शंकर मोताळ्याले रायते. बसा तुमी, पानी आनतो."

आधी गंमत वाटली, मग मी घरातल्यांना हाका मारल्या. बाबांनी, दादानं, अख्ख्या आळीनं मला ओळखलं. फक्त मायनं नाही. बाकी तिला सगळं आठवत होतं. अकोल्याच्या डॉक्टरांना काहीच दोष सापडला नाही. मी गुडघ्यावरचा व्रण दाखवला, तर ती घाबरून दादाला म्हणाली, "याले माह्या पोराच्या खुना कोनं सांगतल्या रे?"

मी रोहिणखेडला धावलो. मी हात धरला त्याच दिवशी म्हातारी झोपेत गेली होती. "लय समाधानानं गेली भाऊ," मुलगी म्हणाली, "तुमचे उपकार." काय बोलणार... तुझ्या मायला जे दिलं, ते माझ्या मायचं होतं?

पुढे माय बरीच वर्षं जगली. मी गेलो की पाहुण्याचं ताट वाढायची आणि माझीच तक्रार मला सांगायची — "माहा शंकर येतच नाई बाप्पा. मायले इसरला." मी खाली मान घालून जेवायचो. रोहिणखेडचं मी घरात कुणालाच सांगितलं नाही. हिंमतच झाली नाही.

तिच्या शेवटच्या दुपारी आम्ही सगळे बाजेभोवती बसलो होतो. तिचा हात माझ्या हातात होता. ती दादाला म्हणाली, "शंकरले निरोप धाडला काय?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"धाडला माय. निंगाला तो."

योगायोग म्हणा, मेंदूचा एखादा रोग म्हणा. मला आजही कारण माहीत नाही. जीव जाईपर्यंत ती दाराकडे पाहत राहिली... आणि खोटं वाटेल तुम्हाला, पण मीही तिकडेच पाहत होतो.