सुंदरामावशींच्या स्वतःच्या नावाने

अंधेरीच्या एका धर्मादाय रुग्णालयात वनमाला राणे संगणकांची व्यवस्था पाहतात. कोणती माहिती कोणापुढे उघडावी आणि कोणापुढे झाकलेली राहावी, हे त्यांच्या हाती. "ताई, परत लॉक झालं हो!" अशी हाक आली की त्या हसत धावतात. रुग्णाचा आजार हे त्याचे खासगी दुःख. त्यावर पांघरूण घालणे ही देवाची सेवा, असे त्या मानतात आणि तसेच वागतात.

गणपतीत तिथली निम्मी माणसे कोकणात जातात. मागे राहतात नोंदणी विभागातल्या सुंदराबाई जाधव. त्या बौद्ध. "तुम्ही जा रे बाप्पाकडे, मी आहे," असे दरवर्षी म्हणतात. आणि चौदा एप्रिलला त्यांचे काम बाकीचे आनंदाने उचलतात. निघताना भांडुपला त्यांच्याच शेजारी राहणारे सहकारी तुळशीला पाणी घालायला घराची चावी मावशींच्या ओंजळीत ठेवत, आणि त्याच मायेने त्यांच्या कानात पासवर्डही सांगत. केवढा हा विश्वास! आणि केवढे त्यात भोळेपण!

गेल्या वर्षी वनमालाताईंच्या घरी आरती चालू होती. टाळ वाजत होते, निरांजन फिरत होते, आणि मोबाइलवर इशारा आला: नोंदणी विभागातल्या, रजेवरच्या हर्षदच्या नावाने एक अहवाल उघडला गेला आहे. ताईंनी कणकवलीला फोन लावला.

"हर्षद, तुझ्या नावाने आत कोण शिरलंय?"

"मावशी असेल ना! पासवर्ड तिच्याकडेच ठेवलाय. टेन्शन नको घेऊस ताई, मोदक खा."

मोदक घशाखाली उतरेना. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणाऱ्याची नोकरी जाईल, हा नियम ताईंनीच लिहिला होता. मावशी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि तोच इशारा व्यवस्थापकांनाही गेला होता.

"एका पोरीचं ऑपरेशन खोळंबलं होतं गं," मावशी फोनवर म्हणाल्या. "डॉक्टरांना रिपोर्ट हवा होता. पोरगी बघू की नियम बघू?"

व्यवस्थापक चंद्रप्रकाश सामंत यांनी दोघींना समोर बसवले. "राणेबाई, नियम तुमचाच. मग आता?"

"माझाच, साहेब. चावी देऊ नका, एवढे मी लिहिले. घरचे गावी गेल्यावर दार कोणी उघडायचे, ते लिहिलेच नाही. उणीव माझी, पाय मात्र यांचा अडकला. उद्या हर्षदच्या नावाने कोणी खरेच वाईट केले असते, तर गावी आरती म्हणणारा तो गुन्हेगार ठरला असता. शिक्षा नको साहेब, वाट द्या."

साहेबांनी समोरची नियमावली मिटली. मग म्हणाले, "मावशींना समज देतो. पुढच्या गणपतीआधी तुमची वाट तयार हवी."

वाट साधी निघाली. जो रजेवर जाईल त्याचे काम, तेवढ्या दिवसांपुरते, मावशींच्या स्वतःच्या नावाने उघडेल. तो परतला की आपोआप मिटेल. कोणी कोणाला काही सांगायचे नाही.

यंदा हर्षदने चावी दिली आणि सवयीने तो कानाशी वाकला.

"ए! चावी ठेव आणि सूट. कानात एक अक्षर बोललास, तर तुझी तुळस वाळवीन!"

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी वनमालाताई मोदकांचा डबा घेऊन आल्या. मावशींनी संगणकाकडे बोट दाखवले. उघडलेल्या प्रत्येक अहवालाखाली 'सुंदराबाई जाधव' असे उमटले होते.

"इतकी वर्षं मी काम केलं, नाव हर्षदचं लागलं," त्या म्हणाल्या. "आता बघ, माझंच नाव!"

ताईंनी डबा उघडला. पहिला मोदक मावशींना दिला, दुसरा स्वतः खाल्ला. तो अगदी सहज उतरला.