स्विचमधली भिंत

भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात मी संगणकांचं नेटवर्क सांभाळायला लागले, तेव्हा ग्रंथालयातले बरेच संगणक नुसते सुरू असायचे, इंटरनेट काही लागायचं नाही. पार बपेऱ्याकडून येणाऱ्या मुली शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ताटकळत बसायच्या आणि बसची वेळ झाली की तशाच उठून जायच्या.

संस्थेच्या मुख्य कार्यालयाने कॉलेजला मोजकेच आयपी पत्ते दिले होते आणि पत्त्याशिवाय संगणक बाहेर बोलू शकत नाही. माझ्याआधीच्या माणसाने प्रत्येक विभागाची वेगळी व्हीलॅन केली होती, म्हणजे सगळ्या संगणकांच्या तारा जिथे येतात त्या एकाच स्विचच्या आत भिंती घालून खोल्या पाडल्या होत्या. पत्तेही खोल्याखोल्यांत वाटून टाकले होते. ग्रंथालयाला ते पुरत नव्हते आणि परीक्षा विभागात कितीतरी पडून होते.

परीक्षा विभागात निवृत्तीला आलेले एक बाबू होते. त्यांना सगळे काका म्हणत. मी भिंत काढून पत्ते एकत्र करायचं बोलले, तशी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"माहा विभाग कोनात मिसळायचा नाही."

"काका, पडूनच आहेत ना ते?"

"पडू दे."

मला रागच आला. पण उठून न जाता मी खुर्ची ओढून बसले. मग ते स्वतःच सांगायला लागले. पूर्वी सगळे संगणक एकत्रच जोडलेले असताना कोणीतरी दुसऱ्या खोलीतून गुणांच्या फाइलमध्ये फेरफार केला होता. चौकशी काकांची झाली. ते निर्दोष ठरले.

"पन बेटा, लोक वर्षभर माह्याकडं पाहून हळूच बोलत. मी चाहा प्यालेबी बाहेर जाईनासा झालो."

घरी आल्यावर मी स्विचची माहितीपुस्तिका काढून बसले. त्यात एक सोय सापडली. अनेक व्हीलॅन एका मोठ्या व्हीलॅनखाली आणता येत होत्या. भिंती तशाच राहणार, पण पत्ते सगळ्यांना एकाच साठ्यातून मिळणार, ज्याला लागेल त्याला. खोल्यांनी आपसांत बोलायचं की नाही, तेही आपल्या हातात. ती परवानगी मी द्यायचीच नाही असं ठरवलं.

रविवारी कॉलेज बंद असताना मी ते काम केलं. काकांना मुद्दाम बोलावलं होतं. ग्रंथालयाच्या संगणकावर त्यांना बसवलं आणि त्यांच्याच संगणकाला हाक मारायला लावली, म्हणजे तो इथून सापडतो का ते पाहायला. उत्तर आलं नाही, म्हणजे भिंत शाबूत होती.

"अजून एकदा करू का?"

"करा ना."

त्यांनी चार-पाच वेळा केलं. दुसऱ्या दोन संगणकांवरूनही करून पाहिलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"आता देऊन टाक पत्ते. पोरी कायले ताटकळतीन?"

मी निघाले, तर म्हणाले, "घरी चाल, जेवून जाशीन." स्कूटरवरून कारध्याला गेलो. पूल ओलांडताना त्यांनी वैनगंगेतल्या वाळूच्या गाड्यांबद्दल बरंच काही सांगितलं. काकूंनी दारातच "जयभीम, या मॅडम" म्हणून हात धरला. भात वाढताना काका त्यांना ती भिंत समजावून सांगत होते, अर्धी चूक, अर्धी बरोबर. मी जेवत राहिले.

काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "कितीक वर्सांनी हे घरी कामाचं बोलून राहिले."