आधी एक जाळून बघ

जिल्हाभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी मिळून जितक्या वस्तू चुकून जाळल्या असतील, त्याहून जास्त आमच्या ताईने एकटीने, ठरवून आणि आनंदाने जाळायला लावल्या आहेत. ती पासली गावची, आमच्या सायन्स कॉलेजात माझ्या पुढच्या वर्गात, इलेक्ट्रॉनिक्सला. पहिल्या वर्षाच्या मुलींना सांभाळून घ्यायचं काम कॉलेजने तिच्यावर सोपवलं होतं आणि त्यासाठी एक खोलीही दिली होती; पण तिचा दरबार भरायचा नसरापूरला, एसटीची वाट बघत, रसवंतीच्या बाकावर. पर्समध्ये कंगवा नसला तरी व्होल्ट मोजायचा मीटर असायचा, आणि तोंडात सदैव फुटाणे. शेअर रिक्षाचा हॉर्न, टेम्पोची बॅटरी, समोर येईल ते ती तपासायची. एका आजोबांचं कानातलं यंत्र तिने सुरू करून दिलं, तर "आता सूनबाई काय म्हणती ते बी ऐकावं लागंल," अशी त्यांचीच तक्रार.

मी मार्गासनीची. आमच्या घरात भांड्यांपेक्षा चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त, त्यामुळे समतेवर मी झोपेतही बोलले असते. प्रयोगशाळेत मात्र गटातली मुलं सर्किटचा बोर्ड स्वतःकडे ओढायची, "तुझं अक्षर छान आहे" म्हणत जर्नल माझ्याकडे सरकवायची, आणि मी मुकाट्याने रीडिंग लिहायचे. परीक्षेत बोर्ड एकटीच्या पुढ्यात आला तेव्हा हात उचलेना. नापास झाले. फेरपरीक्षेतही तेच झालं तर विज्ञान सोडून भोरला बी.ए. करायचं, असं मी ठरवून टाकलं आणि बाकावर बसून ताईला पुरुषसत्तेवर सविस्तर भाषण दिलं.

तिने फुटाणे चावत सगळं ऐकलं. "बोलतीस लई भारी. वायर सोलता येती का?"

"नाही."

"मंग आधी एक जाळून बघ." तिने माझ्या हातात एक एलईडी आणि नऊ व्होल्टची बॅटरी ठेवली.

"अगं, वाया जाईल."

"फुटाण्याच्या भावात मिळत्यात. लाव थेट."

लावला. चट् झालं, जळका वास आला, मी बाकावरून उडाले.

"मेलीस का?"

"नाही."

"मंग आता का जळला ते सांग. आन् उद्यापासनं जर्नल त्या पोरांकडं दे. त्यांचं अक्षर बी सुधारू दे जरा."

फेरपरीक्षेपर्यंत आम्ही बाकावर आधी जाळत गेलो, मग न जाळता पेटवत गेलो. परीक्षेत माझ्या बोर्डावरून धुराची बारीक रेघ निघाली. शेजारचा मुलगा मागे सरकला. मी वीजपुरवठा बंद केला, चुकलेली वायर शोधली, एलईडी बदलला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "घाबरली नाहीस?" मी म्हटलं, "सर, असे पुष्कळ जाळलेत." तेवढ्यात दिवा लागला, आणि माझ्या छातीवरून धान्याचं पोतं उतरल्यासारखं झालं.

बाहेर जिन्यात ताई उभी होती. "वास आला का?"

"आला. मग पेटला. पास केलं."

ती मटकन पायरीवर बसली. हातातली फुटाण्यांची पुडी तशीच होती, न उघडलेली. मग तिने ती फोडली आणि अर्धी माझ्या ओंजळीत ओतली.

आता ती लांबच्या एका कंपनीत आहे. "हितं जाळू देत न्हाईत गं," फोनवर कुरकुरते. तिच्या बाकावर आता मी बसते. परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलीने डोळे मिटून बॅटरी लावली. चट् झालं, ओळखीचा वास आला, आणि समोर थांबलेल्या एसटीतून ताई उतरतेय का, ते मी उगाचच पाहिलं.