सुभेदारांचा संशय

सुभेदारांचा चहावरसुद्धा विश्वास नव्हता. आधी तो बशीत ओतायचा, कपाचा तळ बघायचा, मग चहावाल्याच्या तोंडाकडे बघायचं आणि मगच घोट घ्यायचा. चहावाला बिचारा वर्षानुवर्षं तोच. "ओळखीचाच मानूस फसवतोय," हे त्यावर त्यांचं उत्तर. "अनोळख्याला आपन जवळ येऊ देतो व्हय?"

माधवनगरच्या एका छोट्या कापड कारखान्यात आम्ही दोघं एका खोलीत काम करायचो. साड्यांच्या काठांची नक्षी ज्या संगणकावरून मागांना जाते, तो मी चालवायची आणि ते सांभाळायचे. मूळचे कोरेगावचे, फौजेत सिग्नलमध्ये सव्वीस वर्षं काढून आलेले. काहीही समजावून झालं की ते "कोई शक?" असं विचारायचे आणि समोरचा "नाही" म्हणाला की चिडायचे. शंकाच नाही म्हणजे तुम्ही ऐकलंच नाही, असा त्यांचा हिशोब.

"म्या काय केलं न्हाई" या वाक्यावर तर त्यांचा खास राग होता. "यंत्र बिघडलं की पैलं ह्येच वाक्य ऐकू येतंय," ते म्हणायचे. "जो म्हनतो, त्याच्यापासनं सुरू करायचं." एकदा दिवे गेले तेव्हा शेडमधला मेकॅनिक सहज तसं बोलून गेला, तर सुभेदारांनी त्याला तीनदा सगळी हकिकत सांगायला लावली. वीज अख्ख्या माधवनगरची गेली होती, पण ऐकतंय कोण!

मग तो दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे जो तो आपापलं हत्यार पुसतो, हळदकुंकू वाहतो. विणकरांच्या कात्र्या, मेकॅनिकचे पाने, तसा आमच्या खोलीत संगणक. त्या दिवशी सकाळी मी त्याच्यात नवा अपडेट टाकला, तो नीट चालू झालेला पाहिला आणि सांगलीला घरी गेले. पूजा सुभेदारांनी केली.

सुट्टी संपवून गुरुवारी आले, बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा धावल्या आणि संगणक तिथंच मेला. बाकी सगळ्याला जागं करणारा जो गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, तोच उठता उठता कोसळत होता. माग थांबले. मालक आले. "सुभेदार, चूक कुणाची ते शनिवारी लेखी द्या. ज्याची असंल त्यानं सोमवारपासून येऊ नये," असं म्हणाले. बोलत होते सुभेदारांशी, बघत होते माझ्याकडे.

ती नोकरी मिळावी म्हणून मी सासरी दोन वर्षं भांडले होते. आणि घाबरून नेमकं नको तेच वाक्य माझ्या तोंडून गेलं, "आवं सुभेदार, मी काही केलं नाही."

झालं! दोन दिवस त्यांनी मला उभं सोललं. अपडेट कुठून घेतलास, किती वाजता, मधे कुणाचा फोन आला का. मी अपडेटच्या आधीचा जुना कर्नेल लावून दाखवला, तोही कोसळला. "जुन्यालाबी तुझाच हात लागलाय," ते म्हणाले. शेडमधून माणसं खोलीत डोकावून जात होती. मला त्यांचा इतका राग आला की शनिवारी सकाळी मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

"बोलू नको. लिही," ते म्हणाले. "सात येळा चालू कर आन सातीबी येळा कुटं पडला त्ये लिही."

मी लिहिलं. सातही वेळा जागा वेगळी. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "तुझ्या अपडेटात खोट असती तर गडी दर येळी त्याच ठेचंला पडला असता. ह्यो हरदम नव्या जागी पडतोय. म्हंजी वाट बरी हाय, पाय अधू हाय." मग ते संगणकाची पेटी उघडायला लागले. तेवढ्यात मालकांनी मला शेडमध्ये बोलावलं.

वीस मिनिटांनी परत आले तर संगणक सुरू होता! सुभेदार मात्र खुर्चीत खाली मान घालून बसले होते. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून त्यांनी तळहातावर घेतली होती.

"हिकडं ये. वास घे."

तेलाचा वास होता. फौजेतून आणलेल्या डबीतलं तेल ते कुलपापासून पंख्यापर्यंत सगळ्याला लावायचे, तेच. पट्टीच्या सोनेरी दातांवर ते पसरलं होतं आणि त्यात पूजेचं कुंकू चिकटलं होतं.

"खंडेनवमीला पेटी खोलून पुसली म्या. दर दसऱ्याला रायफल पुसत हुतो, तशी. हात चालत ऱ्हायला, डोस्कं न्हाई." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "तुझ्यावर संशय घेतला, मेकॅनिकवर घेतला, लायटीवर घेतला. पूजेवर घेतला न्हाई, आन माझ्यावर न्हाई."

त्या वीस मिनिटांत पट्टी पुसून परत बसवली असती, तर कुणाला काय कळणार होतं? दोष आपोआप माझ्या अपडेटवर गेला असता.

संध्याकाळी त्यांनी मालकांना कागद दिला. मालक वाचून हसले. "असू दे हो सुभेदार, पूजेत झालं. चालतंय."

"हिला सोमवारी येऊ नगं म्हनाला हुता तुमी," सुभेदार म्हणाले. "मग मला कसं चालंल?"

त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि पिशवी उचलली. मालक माझ्याकडे बघायला लागले. मी एक शब्द बोलले असते तर सुभेदार थांबले असते, असं मला अजून वाटतं. पण माझा दोन दिवसांचा राग अजून गेला नव्हता. मी पडद्याकडे बघत राहिले आणि ते कोरेगावच्या गाडीला निघून गेले. सोमवारी मी कामावर गेले.