आवाजातलं घर

नवरा गेला त्याच वर्षी माझी बदली बेंगळुरूला झाली. ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणून तिथलेच फ्लॅट बघत होते. एजंट बाल्कनी, जिम दाखवायचा, इथे किती शांत आहे ते सांगायचा. मी मान हलवायचे. काहीच आवडत नव्हतं, नावडतही नव्हतं.

मग ऑफिसातल्या एकीने बेंगळुरूतल्याच, पण ऑफिसपासून लांबच्या शिवाजीनगरातलं घर सुचवलं. मालकीणबाई पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, पण मराठी बोलणाऱ्या. घर बघायला गेले, तर मराठीत कानडी मिसळत म्हणाल्या,

"स्वल्प बसा अक्का, कॉफी आणते. घरी कोण कोण तुमच्या?"

"मी एकटीच."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

खाली बसचे हॉर्न चालू होते. त्या संकोचून म्हणाल्या, "इथे गडबड फार असते बघा, पहाटेपासून."

"चालेल," मी म्हणाले आणि तेच घर घेतलं.