आधी हिरवं पाणी

एकोणतीस मे. आज स्वयंपाकघरातलं सामान बांधायला काढलं. सगळ्या बरण्या खोक्यात गेल्या, लोणच्याच्या तीन मात्र गच्चीवर राहिल्या. त्यांत पाणी आणि केळ्याची सुकी साल आहे. ते पाणी हिरवं झाल्याशिवाय मला हलता येत नाही, आणि टेम्पो तर रविवारी सांगितलाय. चाळ पाडणार आहेत. ही बरण्यांची भानगड वालावलकर बाईंनी माझ्या गळ्यात घातली.

बाई फणसवाडीतल्या या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. कोणाच्याही घरी गेल्या की आधी पाण्यात बोट बुडवायच्या. माठात, बादलीत, एकदा तर माझ्या भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तांब्यात. "मेच्या मानानं गार आहे," असं जाहीर करून मग खुर्चीत बसल्या. पाहुण्यांनी पाणी घेतलं नाही. लग्न मात्र जमलं.

गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत त्यांचे मासे होते. बोटभर लांबीचे, रुपेरी, शेपटीजवळ काळा ठिपका. मालवणकडच्या त्यांच्या माहेरच्या व्हाळातून, म्हणजे गावच्या ओढ्यातून आणलेले. पुढे वरच्या अंगाला दगडाची खाण झाली आणि व्हाळ आटला. त्यामुळे बाईंना ठाऊक असलेले ते मासे आता या टाकीतच उरले होते. तळमजल्यावरचे परब दरवर्षी विचारायचे, तळून खाल्ले तर एक घास तरी होईल का. बाई म्हणायच्या, "परब, तुमच्या पोटात जायला हे जन्मलेले नाहीत."

गावी हे मासे पाऊस लागला की चढून भाताच्या खाचरात जायचे आणि तिथे अंडी घालायचे. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या पोटाला दोन-तीन दिवसांची शिदोरी बांधलेली असते. ती संपायच्या आत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव तोंडाशी हवेत. खाचराच्या गढूळ पाण्यात ते असतात, नळाच्या पाण्यात नसतात. म्हणून बाई बरण्यांत हिरवं पाणी तयार करायच्या आणि ते झाल्यावरच टाकीत गार पाणी ओतून माशांना पाऊस आल्याचं भासवायच्या. "पाहुणे बोलवायचे तर आधी चूल पेटव गो," हे त्यांचं नेहमीचं.

एका वर्षी मेमध्येच अवकाळी सरी आल्या. बरण्या नुसत्या मळकट होत्या. बाई टाकीवर छत्री धरून उभ्या राहिल्या. मासे भिजू नयेत म्हणून छत्री धरणारी बाई बघायला अख्खी चाळ गच्चीवर आली. परबांनी टाकीला सर्दीची गोळी सुचवली. पाऊस थांबेपर्यंत बाई हलल्या नाहीत.

अशा बाईंनी गेल्या वर्षी एप्रिलात टाकीत बर्फाचं पाणी ओतलं. बायपासची तारीख ठरली होती. मला कळलं तेव्हा टाकीत सोडलेल्या काथ्याला अंडी चिकटलेली होती आणि बरण्या आदल्या दिवशीच भरलेल्या. मी विचारलं, बाई, खाणं कुठाय? त्या पिशवी भरत राहिल्या. त्या दवाखान्यात गेल्या त्याच दिवशी पिल्लं फुटली. पाण्यात पापण्यांचे केस पडावेत तशी.

आधी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घातला. पाण्याला वास मारायला लागला, ते बंद केलं. मग ऑफिसला दांडी मारून चाळीत घराघरांत विचारत फिरले की तुमच्याकडे शेवाळलेलं पाणी आहे का. कोण हो म्हणणार? साचलेल्या पाण्यावरून पालिकेचे लोक नोटीस देतात. जोशी वहिनींनी तर आपलं पिंप उघडून दाखवलं, वर चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. परबांनीही आधी हात वर केले. संध्याकाळी गच्चीवर येऊन हळूच म्हणाले, "मोरीच्या झरोक्यात एक डबा आहे. पण कुठे बोलायचं नाही." डबा हिरवागार होता. एरवी मी त्यांना ऐकवलं असतं.

तोवर बरीच पिल्लं तळाशी गेली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंना भेटले. त्यांनी माझ्या हातातल्या पेल्यात बोट बुडवलं, पण पाण्याबद्दल काही बोलल्या नाहीत. विचारलं, "पोटं भरलेली दिसतात?"

"थोड्यांची दिसतात."

"बाकीची?"

"गेली, बाई."

त्यांनी ओलं बोट चादरीला पुसलं. मग म्हणाल्या, "वाटलं, मी नसले तर निदान ती असतील. त्यांना काय गो माझ्या ऑपरेशनची तारीख ठाऊक?"

ऑपरेशन झालं. बाई परत आल्या नाहीत.

टाकीतले जुने मासे पावसाळ्यात एकेक करून गेले. वाचलेली पिल्लं वर्षभरात मोठी झाली. आता माद्यांची पोटं टम्म फुगली आहेत. फार थांबल्या तर अंडी आतच जिरवतील. दादरच्या नव्या भाड्याच्या खोलीत ऊन येत नाही, म्हणजे तिथे हिरवं पाणी होणार नाही. हे काम इथेच उरकायला हवं. आमचे हे म्हणतात, ओत बर्फ आणि मोकळी हो. संध्याकाळी दक्षिणेकडून ढग आले तेव्हा मीही फ्रीजमधला सगळा बर्फ बादलीत टाकून बादली टाकीपाशी नेऊन ठेवली. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. हात बादलीच्या कडीवर होता. मग बादली तशीच ठेवून खाली आले आणि भात लावला.

तीस मे. रात्रभर झोप नव्हती. सकाळी गच्चीवर जाऊन तिन्ही बरण्या उन्हाकडे धरल्या. नुसतं मळकट. बादलीतल्या पाण्याने जिना धुऊन काढला. टेम्पोवाल्याला फोन करून रविवारी येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग बांधलेलं एक खोकं सोडलं, बाईंची छत्री काढली आणि टाकीवर उघडून सुतळीने घट्ट बांधली.